कमरेची शिवण

प्रिय इन्स्पेक्टरबाई,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, दुकान चालू आहे, आणि बाहेर पडताना गॅस बंद केलाय का हे मी दोनदा बघतो. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. तेवढ्यात बटण्या तुझ्या हातातून फोन ओढतो, शाळेतल्या कासवाची बातमी सांगतो, आणि मुद्द्याचं सगळं राहून जातं. शिवाय जे सांगायचंय ते तुझा आवाज कानात असताना सांगायचं धाडस मला होणार नाही. म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढलं, कापायच्या टेबलावरचे कोट बाजूला सारले, मापांच्या वहीतली चार कोरी पानं काढली आणि बसलो. शेजारचा न्हावी दोनदा वाकून बघून गेला. "टेलर, मृत्युपत्र लिहिताय की प्रेमपत्र?" म्हणाला. मी म्हटलं, "तुला दोन्हीत काही मिळणार नाही, जा."

गेल्या रविवारी तू मला सरळ विचारलंस. धाकटी पुढच्या महिन्यात सहा महिन्यांची होईल, तुझी रजा संपेल, आणि तुझ्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या चिरंजीवांना, लिफ्ट अडकली की रात्र नाही, दिवस नाही, उठून पळावं लागतं. "बाबा, इकडे राहायला याल का? तिला दुसऱ्या कुणाकडे ठेवायचं माझ्या मनातच येत नाही." आणि मी म्हणालो, "बघू. हल्ली गुडघे फार दुखतात." तू म्हणालीस, "आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, आणि ती दुरुस्त करणारा घरातच आहे." हसलीसही. पण तुझं ते हसू मी ओळखतो. कुणी लंगडी सबब सांगितली की तू अशी हसतेस आणि विषय सोडून देतेस. तर पहिली गोष्ट ही, की गुडघे ठीक आहेत. काल मी माळ्यावर चढलो होतो. का चढलो ते पुढे येईलच. उत्तरही देतो, पण शेवटी. आधी थोडं मागे जाऊ दे.

तू या घरात आलीस तेव्हाची आठवण. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले असतील. तुझी नोकरी दुकानादुकानांतून तराजू आणि मापं तपासायची, हे कळल्यापासून आपल्या गल्लीतला किराणावाला मला वाकून नमस्कार करायला लागला होता. एक दिवस तू दुकानात आलीस. मी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. तू कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होतीस. तो माणूस गेला, रस्ता ओलांडून दिसेनासा झाला, तेव्हा कुठे तू पिशवीतून पोलादी पट्टी काढलीस आणि माझ्या गळ्यातला टेप तिच्यावर अंथरलास. वीस वर्षं गळ्यात लोंबकळून तो टेप ताणला गेला होता, चांगला दीड सेंटिमीटर. मी म्हटलं, "अगं, अंगही याच टेपनं मोजतो आणि कापडही याच टेपनं कापतो. मग चूक होणार कुठून?" तू आधी भुवया चढवल्यास, मग स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. "बाबा, तुम्ही कधीच पकडले जाणार नाही," म्हणालीस. तुझ्या सासूबाई आतून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर नवा टेप ठेवलेला होता. कुणी ठेवला, का ठेवला, यावर घरात एक शब्द निघाला नाही. मी नवा वापरायला लागलो, जुना खणात टाकला. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. तू गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली होतीस.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर चौदा महिन्यांनी बटण्या आला. दोन किलोलाही थोडा कमीच. नर्सनं माझ्या हातावर ठेवला तेव्हा मला वाटलं, हिनं नुसतं दुपटंच दिलंय, मूल द्यायचं राहिलं. न्हावी बघायला आला आणि म्हणाला, "टेलर, हा नातू आहे की बटण?" तेच नाव चिकटलं. डॉक्टर सांगत होते की मूल निरोगी आहे, आपल्या गतीनं वाढेल. तू ते ऐकलंस. मीही ऐकलं, पण मला ऐकू आलं ते एवढंच, की मूल लहान आहे. मी ज्या घरात वाढलो तिथे आम्ही सात भावंडं. पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला की समजायचं, आज आणखी मिळणार नाही. गुबगुबीत मूल कुणाकडे असलं तर पाहुण्यांसमोर आणून दाखवायचे, नवं घड्याळ दाखवावं तसं. माझ्या डोक्यात चांगल्या बाळाचं माप तेव्हाचं होतं. ताणलेला टेप खणात गेला, पण हा गेला नाही.

सहा महिने तू त्याला अंगावर पाजलंस आणि मग कामावर गेलीस. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलास. अजून पाठ आहे मला. चमचा आपण पुढे न्यायचा, तोंड तो उघडेल. साखर नाही, मीठ नाही. खाताना टीव्ही नाही, फोन नाही. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा मारलेली: त्यानं तोंड फिरवलं की जेवण संपलं. बाकीच्या गोष्टी मी काही महिने तरी पाळल्या. शेवटची एक दिवसही पाळता आली नाही. कुस्करलेलं केळं असो, मऊ भात असो, उकडलेलं गाजर असो, तो सहा-सात चमचे मजेत खायचा आणि मग मान वळवायचा. आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. मग मी त्याला मांडीवर घेऊन मशीनपाशी बसायचो आणि चाक गरकन फिरवायचो. चाक फिरलं की तो आश्चर्यानं तोंडाचा आ करायचा, आणि मी चमचा आत सारायचो. गंमत म्हणून नाही, अगदी हिशेबानं. एका चाकाला एक चमचा. वाटी रिकामी झाली की मला जग जिंकल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी तू विचारायचीस, "किती खाल्लं?" मी म्हणायचो, "सगळं." तू वाटीकडे बघायचीस, मग त्याच्याकडे, आणि म्हणायचीस, "बाबा, थोडं उरलं तरी चालतं हं."

पुढे चाकाची गंमत संपली तेव्हा मोबाइलवरचे व्हिडिओ आले. ट्रॅक्टर चिखलात रुतलेला तो व्हिडिओ मी आयुष्यात जितक्यांदा पाहिला तितक्यांदा स्वतःचा लग्नाचा अल्बम पाहिला नाही. दुपारच्या दुधाच्या बाटलीत एक चमचा साखर जायला लागली, मग दोन. आणि तो तीन वर्षांचा झाल्यावर डबा आला. तुला तो पत्र्याचा बटणांचा डबा आठवतो ना, वर कप्पा आणि खाली मोकळी जागा? वरच्या कप्प्यात बटणं होती. खाली क्रीमची बिस्किटं. पडला, दे बिस्किट. हसला, दे बिस्किट. गिऱ्हाईक आलंय, गप्प बस, दे बिस्किट. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला मी जगातला सगळ्यात चांगला आजोबा वाटत होतो. लोकही तसंच म्हणायचे. गिऱ्हाइकं त्याचे गाल ओढायची आणि म्हणायची, "आजोबांचं खाणं अंगी लागलंय." मी फुलून जायचो.

आता खरी गोष्ट. पहिलीत जाताना त्याची शाळेची करडी पँट मी स्वतः शिवली. मागच्या शिवणीत आत दुप्पट कापड ठेवलं, वाढतं अंग म्हणून. दोन महिन्यांत ती कमरेला रुतायला लागली. त्याच्या पोटावर बटणाचा लाल वण उठला. कुणीही शहाण्या माणसानं तो वण पोराच्या आईला दाखवला असता. मी काय केलं? पँट दुकानात नेली, शिवण उसवली, दीड सेंटिमीटर सैल करून पुन्हा टीप मारली आणि तू यायच्या आत कपाटात ठेवली. आणखी दोन महिन्यांनी पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कपडे घट्ट झाले की घरात प्रश्न उठतात, सूनबाई. मी प्रश्नच उठू देत नव्हतो. दुसऱ्या कुठल्या घरात हे चाललं नसतं, कारण तिथे पँट फाटली असती. आपल्या घरात शिंपी होता.

मग शाळेत तपासणी झाली आणि चिठ्ठी आली. बटण्याच्या उंचीला वजन फार आहे, पालकांनी येऊन भेटावं. ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. तुझा नवरा चिठ्ठी हातात धरून खोलीभर फिरत होता. "याला खायला घालतं कोण एवढं? मला नाव सांगा!" मी इस्त्रीच्या टेबलाशी उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तू शाळेतून डॉक्टरांकडे जाऊन आली होतीस, दमलेली होतीस. चपला काढता काढता म्हणालीस, "आपण सगळ्यांनी घातलं. आता आपण सगळे बदलू. आणि आवाज खाली. तो आत चित्र काढतोय." बस, एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणाकडे रोखून बघणं नाही. शाळेतही तू सांगून आली होतीस, की पुन्हा अशी चिठ्ठी असेल तर ती पोराच्या दप्तरात टाकू नका, माझ्या हातात द्या.

मी आयुष्यभर माणसं मोजली. कुणाची छाती, कुणाचे खांदे, कुणाची मान. पण त्यानंतरच्या वर्षभरात तू जे केलंस ते मोजायला माझ्याकडे काही नाही. दिवसभर तराजू तपासणाऱ्या बाईच्या घरात वजनाचा काटा नव्हता, आणि तू तो आणू दिला नाहीस. "वजन डॉक्टर बघतील, तीन महिन्यांतून एकदा. घरात तो आपला मुलगा आहे," म्हणालीस. जाड हा शब्द घरातून गेला. बारीक हासुद्धा गेला. डॉक्टर म्हणाले होते की त्याचं वजन उतरवायचं नाही, ते आहे तिथेच थोपवायचं, उंचीला गाठू द्यायचं. तू हे आम्हाला इतकं शांतपणे समजावलंस की तुझ्या नवऱ्याचाही पारा उतरला. जेवणाच्या टेबलावरून टीव्ही गेला, सगळ्यांचे फोन चपलांच्या कपाटावर जाऊन बसले, त्यात लिफ्टवाल्याचाही, आणि तो वाजला तर उठून उभ्यानं बोलायचं. भांडी टेबलाच्या मधोमध आली. बटण्यानं स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं. त्यानं आणखी मागितलं तर तू कधी नको म्हणाली नाहीस, आणि उरवलं तर कधी का म्हणून विचारलं नाहीस. खोक्यातले ज्यूस गेले, पाण्याचा जग आला. साडेआठला दिवा बंद. वाढदिवसाला मात्र केक आला, आणि तू स्वतः दोन तुकडे खाऊन म्हणालीस, "आज वाढदिवस आहे. उद्या नाही."

हे लिहिताना सोपं वाटतंय. पहिले तीन आठवडे काय होते ते मी पाहिलंय. शाळेतून येताना दोन थांबे आधी उतरून चालायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी बटण्यानं फुटपाथवर बसकण मारली. एक बूट रस्त्यात भिरकावला. मी भाजी घेऊन परत येत होतो, समोरच्या बाजूला होतो. मला वाटलं आता तू ओढशील, नाहीतर एक ठेवून देशील. तू ऑफिसच्या कपड्यांत, हातातल्या फायलींसकट, त्याच्या शेजारी फुटपाथवर बसलीस. माणसं वळून बघत होती. एका बाईनं तर थांबून विचारलं, चक्कर आली का. तू म्हणालीस, "नाही हो, आम्ही दोघं रुसलोय." बऱ्याच वेळानं तो उठला आणि स्वतःच बूट आणायला गेला. मी रस्ता ओलांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही येताना निळे दरवाजे मोजायला लागलात. महिन्याभरात त्याला सगळ्या रस्त्यावरचे दरवाजे पाठ झाले आणि एका घरानं रंग बदलला तेव्हा तो दिवसभर हळहळत होता.

वर्गातली पोरं त्याला टाकी म्हणायची. हे त्यानं तुला सांगितलं तेव्हा मी पलीकडे काज करत होतो. दुर्लक्ष कर, असं मी म्हटलं असतं. तू विचारलंस, "मग तू काय म्हणालास?" तो म्हणाला, "मी म्हटलं, टाकीत पाणी असतं. तहान लागली की माझ्याकडेच येशील." तू पोट धरून हसलीस, आणि तोही. नंतर मोरीत तोंड धुताना तू बराच वेळ नळ चालू ठेवलास. मी ऐकलं. बाहेर आलीस तेव्हा त्याला विचारलंस, रविवारी बाजारात येतोस का, मला मदतनीस लागतो. तेव्हापासून दर रविवारी तो एक न खाल्लेली भाजी निवडायचा, स्वतः तोलून घ्यायचा आणि तराजूचा काटा मधोमध येईपर्यंत भाजीवाल्याला हलू द्यायचा नाही. बीट त्यानं असंच घरी आणलं. खाल्लं नाही, पण तीन दिवस जीभ लाल करून फिरला.

आणि या सगळ्या काळात, तू एवढं जिवाचं रान करत होतीस तेव्हा, माझा डबा दुकानात भरलेलाच होता. चिठ्ठी आल्यानंतरही चार महिने. आता कळलं ना गुडघे का दुखतात?

तो डबा बंद झाला त्याचं श्रेय माझं नाही. एका शनिवारी बटण्या दुकानात बसून रिळं रचत होता. मी डबा उघडून पुढे केला. त्यानं मान वळवली. माझा चेहरा पडला असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं, मुकाट्यानं एक बिस्किट उचललं, आणि खाता खाता म्हणाला, "आजोबा, मला भूक नव्हती. पण मी नाही म्हटलं की तुम्ही असं तोंड करता ना." सूनबाई, सात वर्षांचं पोर मला भरवत होतं. मला वाटायचं मी त्याला खायला घालतोय. तो माझ्यासाठी खात होता. मी डबा तसाच उचलून न्हाव्याकडे नेऊन दिला. त्याचा आकार बिघडला तरी शाळेची चिठ्ठी येणार नाही. मग परत आलो आणि बटण्याला म्हटलं, तोंड माझं आहे, मी बघून घेईन, तू नको काळजी करूस. तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा रिळं रचायला लागला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी तू तीच करडी पँट माझ्यासमोर धरलीस. "बाबा, ही बघा हो." मला वाटलं, आता सापडलो. पण कमर बरोबर होती. पाय आखूड झाले होते, घोट्याच्या वर चार बोटं. पोरगा कमरेला नाही, उंचीला वाढला होता. त्या दिवशी मी कमरेची शिवण नाही, पायाची दुमड सोडली. एवढी साधी टीप, पण उसवून पुन्हा, अशी दोनदा घातली. लोक शिंप्याला सुटाबद्दल शाबासकी देतात. मला विचारशील तर माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ती दुमड आहे, आणि ते काम तुझं आहे.

मग तुझी बदली झाली आणि तुम्ही गेलात. जाताना तू एक कागदी पुडकं दिलंस. "बटण्याचे जुने कपडे आहेत. ठेवा तुमच्याकडे. कधीतरी उघडाल." मी माळ्यावर टाकलं आणि दोन वर्षं विसरलो. रविवारी तुझा फोन झाल्यावर चैन पडेना. येणार नाही असं म्हणावं, तर निदान धाकटीला काहीतरी शिवून पाठवावं, एखादं लाळेरं, असं मनात आलं. अस्तराला जुनं, मऊ झालेलं कापड चांगलं म्हणून काल माळ्यावर चढलो. पुडक्यात सगळ्यात वर ती करडी पँट. उलटी केली आणि उसवायला घेणार तोच दिसलं. आतल्या बाजूला, जिथे जिथे मी शिवण सरकवली होती, तिथे सुईची जुनी भोकं अजून ओळीनं दिसत होती, आणि प्रत्येक ओळीपाशी बारीक अक्षरात, निळ्या बॉलपेननं एकेक तारीख. तीन ओळी, तीन तारखा. पहिली तर चिठ्ठी येण्याच्या चार महिने आधीची. त्याच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री तू करायचीस, हे मी कसा विसरलो? रोज तराजूतली लबाडी पकडणारी बाई, तिच्यापासून मी टिपेची रेघ लपवत होतो. आणि खाली, पायाच्या दुमडीपाशी चौथी तारीख. तिच्या शेजारी तुझी ती गोलातली खूण. तराजू तपासून बरोबर निघाला की त्यावर तू करतेस, ती.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवरा ओरडत होता, "मला नाव सांगा," तेव्हाही माहीत होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत तू थांबलीस, आणि या वेळी तीन वर्षांहून जास्त थांबलीस. आणि सगळं माहीत असूनही रविवारी मलाच विचारलंस.

मी पँट कापली नाही. घडी करून समोर ठेवलीय, आणि तिच्याकडे बघतच हे लिहितोय. तू कधी विचारलं नाहीस, पण मला वाटतं तुला हेही माहीत असेल, कारण तू तेव्हा घरातच होतीस. तुझ्या सासूबाईंच्या शेवटच्या अडीच महिन्यांत मी रोज त्यांच्या उशाशी सूपची वाटी घेऊन बसायचो. दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडे फिरवायच्या. मी म्हणायचो, एकच, माझ्यासाठी एकच. चौदा महिन्यांनी त्या बाळानं पहिल्यांदा मान वळवली तेव्हा मला बाळ दिसलंच नाही. ती भिंत दिसली. म्हणून चाक फिरवलं, म्हणून डबा भरला, म्हणून शिवण सैल केली. आणि म्हणूनच रविवारी गुडघ्यांचं नाव सांगितलं. पुन्हा तोच खड्डा पोटात पडेल याची मला भीती वाटली. पण हे कुणाला तरी लिहून सांगितल्यावर ती भीती मापात आल्यासारखी वाटतेय. तर उत्तर असं, की मी येतोय. पंधरा तारखेच्या गाडीचं तिकीट सकाळीच काढलंय, नाही म्हणायची सोय उरू नये म्हणून. पाकिटात तो जुना ताणलेला टेप घातलाय, तो जप्त कर. कपाटाच्या दारावर कागद लाव, पण शेवटची ओळ कोरी सोड, ती मी माझ्या अक्षरात लिहीन. धाकटीनं तोंड फिरवलं की मी चमचा खाली ठेवीन. माझा चेहरा पडलाच, तर तो तिला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळेन, आणि तू आलीस की तुझ्याकडे वळून किती उरलं ते खरं सांगेन.

तुझाच, अजून तपासणी बाकी असलेला,
बाबा